जुनं आउटबोर्ड घेताना पाणी कुठे आहे ते बघा

छोट्या होडीसाठी जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, बघायला गेलं, की विकणारा आधी दोरी ओढून इंजिन सुरू करून दाखवतो. एका ओढीत सुरू झालं की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि अर्धा सौदा तिथेच होऊन जातो. पण सुरू होणं ही आउटबोर्डची सगळ्यात सोपी परीक्षा आहे. पेट्रोल, ठिणगी आणि थोडंफार कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, असलं की ते सुरू होतं. माणसं आणि सामान भरलेली होडी ते तासभर ओढेल का, हे त्यावरून कळत नाही.

या इंजिनाचा खालचा अर्धा भाग पाण्यात राबतो. पाणीच त्याला थंड ठेवतं आणि पाणीच त्याचा घात करतं. म्हणून जुनं इंजिन तपासताना मी एकच प्रश्न धरून चालतो: पाणी जिथे असायला हवं तिथे पोचतंय का, आणि जिथे नको तिथे शिरलंय का? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

पहिलं काम घरीच: आपल्या होडीला कोणतं इंजिन बसेल?

कितीही चांगलं इंजिन मिळालं तरी ते आपल्या होडीला बसत नसेल तर उपयोग नाही. नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात ते शाफ्टच्या, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यात उतरणाऱ्या दांड्याच्या, लांबीत. होडीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, मोजून घ्या. जिथे इंजिनाचा क्लॅम्प बसतो त्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचं उभं अंतर मोजायचं. साधारण १५ इंच आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच आलं तर लाँग शाफ्ट, २५ इंच आलं तर एक्स्ट्रा लाँग. इंजिनावर हेच माप क्लॅम्पच्या आतल्या टेकणीपासून पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीपर्यंत घ्यायचं. इंजिन लावल्यावर ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा जेमतेम एक इंच खाली यायला हवी.

शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. इंजिन ओरडतं पण होडी पुढे जात नाही, आणि थंड करणारं पाणी आत घेणाऱ्या जाळ्याही अधूनमधून पाण्याबाहेर येतात. शाफ्ट लांब असला तर पाण्याचा अडथळा वाढतो, मागे फवारा उडतो आणि उथळ जागी खालचं पातं तळाला घासतं. "लाकडाचा ठोकळा लावून भागेल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वाढवलेल्या फळीवर इंजिनाचा सगळा जोर येतो आणि ती फळी मुळात त्या जोरासाठी बांधलेली नसते.

ताकदीचं म्हणाल, तर होडीवर बांधणाऱ्याने लावलेली पाटी असेल तर तिच्यावरचा अश्वशक्तीचा आकडा हीच शेवटची मर्यादा. कुठे आकडा किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट, त्यामुळे १५ अश्वशक्तीचं इंजिन ११ किलोवॅटचं ठरतं. वजनही बघा. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक साधारण ३५ ते ४० किलोंचं असतं, तर त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ४५ ते ५५ किलोंच्या घरात जातं. छोट्या होडीच्या अगदी मागच्या टोकाला हा दहा-पंधरा किलोंचा फरक चांगलाच जाणवतो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर वाद कधी संपत नाही. टू-स्ट्रोक हलकं असतं, त्यात भाग कमी आणि दुरुस्ती सोपी. पण त्याला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. बऱ्याच इंजिनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलि, आणि फार जुन्या मॉडेलांना त्याहून जास्त. तेल टीसी-डब्ल्यू-३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या दर्जाचंच हवं, दुचाकीचं चालत नाही. फोर-स्ट्रोक कमी पितं, कमी धूर काढतं आणि संथ चालतानाही एकसारखं फिरतं, पण त्याला वेळेवर तेलबदल लागतो आणि हयगय केली तर दुरुस्ती खर्चिक पडते. माझं मत विचाराल तर ज्याचा आधीचा मालक नीट काळजी घेणारा होता ते इंजिन घ्यावं, मग स्ट्रोक दोन असोत की चार.

जाण्याआधीचा फोन

फोनवर तीन गोष्टी सांगा. मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गिअर ऑइल बदलू नका. आणि शक्य असेल तर पाण्यात चालवून बघायची सोय ठेवा. शिवाय एक प्रश्न सरळ विचारा: हे इंजिन कधी पाण्यात पडलं होतं का? बरेच लोक खरं सांगतात. न सांगणाऱ्यांचा आवाज जरा अडखळतो, तेही कानावर येतं.

मॉडेलचा कोड आणि सिरीयल नंबर तेव्हाच मागून घ्या. त्यावरून इंजिनाचं साल आणि खरी ताकद कळते. अनेक कंपन्यांत ९.९ आणि १५ अश्वशक्तीची इंजिनं एकाच ब्लॉकवर बनलेली असतात, फरक बहुतेक कार्ब्युरेटरचा असतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे ९.९ वर १५ चं स्टिकर लावणं फार सोपं. कोड मात्र ताकद सांगून जातो.

कोड हातात आला की सुटे भाग मिळतात का हेही विचारून ठेवा. एव्हिनरूडसारख्या जुन्या, नावाजलेल्या आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. अशी इंजिनं चांगली असली तरी भाग शोधायची तयारी ठेवूनच घ्यावी लागतात. उलट कधी नाव वेगळं आणि कारखाना एकच असतो. मर्क्युरीची बरीच छोटी फोर-स्ट्रोक इंजिनं तोहात्सूने बनवलेली आहेत, त्यामुळे त्यांचे भाग शोधताना दोन दारं उघडी राहतात.

तिथे पोचल्यावर: आधी हात, मग डोळे

नमस्कार-चमत्कार झाले की सगळ्यात आधी कव्हर काढून सिलेंडरच्या डोक्यावर हात ठेवा. गार असायला हवं. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ते चालवून ठेवलंय. गरम इंजिन सहज सुरू होतं, खरा कस लागतो तो गार इंजिनाचा. असं झालं तर थांबा, गप्पा मारा, तासा-दोन तासांनी बघा. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी या.

कव्हर काढलेलंच आहे तर आत नीट बघा. सिलेंडरच्या डोक्यावरचा रंग फुगलेला, करपलेला किंवा एका ठिकाणी काळवंडलेला असेल तर इंजिन कधीतरी तापून निघालंय. बोल्टांची डोकी झिजलेली आणि एखादाच बोल्ट नवाकोरा दिसला तर ते कधी आणि का उघडलं होतं ते विचारा. जोडांवर पांढरी पूड किंवा मिठाचे कण चिकटलेले दिसले तर तिथून पाणी पाझरतंय. फ्लायव्हीलखाली (वरच्या जड चाकाखाली), स्टार्टरच्या मागे, वायरींच्या बेचक्यात गाळ किंवा बारीक वाळू सापडली तर इंजिन बुडून आलेलं आहे, मग विकणारा काहीही सांगो. अशा इंजिनाच्या वायरी आतून हिरव्या पडतात आणि बेअरिंगांना गंज धरतो. मी ते सोडून देतो.

सिरीयल नंबर दोन ठिकाणी ताडून बघा. क्लॅम्पजवळच्या पट्टीवर तो असतोच, आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉकवरच्या गोल टोपणावरही कोरलेला असतो. पट्टी गायब किंवा खरवडलेली असेल आणि बिल नसेल तर पुढची तपासणी करायचीच नाही. चोरीचं इंजिन स्वस्त नसतं.

खालचा पाय: इथे वेळ घालवा

लोक वरच्या चकचकीत कव्हरकडे बघतात, पण जुन्या आउटबोर्डची खरी हकिगत खालच्या गिअरबॉक्समध्ये असते.

हे मी शिकलो ते माझ्या पहिल्या इंजिनावर. रंग छान होता, दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू झालं, पिंपात ठेवून चालवलं तेव्हा धारही मस्त पडली. गिअर ऑइल बघायचं सुचलंच नाही. काही फेऱ्या झाल्या आणि एके दिवशी किनाऱ्यापासून लांब असताना खालून कुरकुर ऐकू आली, मग एक दणका बसला आणि पंखा फिरायचा थांबला. वर इंजिन मजेत चालू, होडी जागच्या जागी. वल्ही मारत परत यायला संध्याकाळ झाली. घरी स्क्रू काढला तर तेलाच्या जागी राखाडी-पांढरा, साबणाच्या फेसासारखा गोळा बाहेर आला आणि त्यात गिअरच्या दाताचे तुकडे चमकत होते. पंख्यामागच्या सीलवर मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला होता. त्याने सील कापलं होतं आणि कितीतरी दिवस आत पाणी शिरत होतं. दोन मिनिटांची तपासणी केली असती तर ते त्या दिवशीच दिसलं असतं.

ती दोन मिनिटं अशी: इंजिन काही तास उभं राहिलेलं असावं. गिअरबॉक्सच्या खालच्या टोकाला मोठा स्क्रू असतो. खाली पांढरा कागद किंवा झाकण धरून तो थोडासाच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर तेच आधी ठिबकतं. तेल स्वच्छ, मधासारखं किंवा गडद असेल तर ठीक. दुधाळ असेल तर सील गेलंय. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर बोटाला मऊ लागणारी बारीक राखाडी लुकण असणं नेहमीचंच. कण किंवा तुकडे टोचले तर गिअर झिजतायत. स्क्रू परत घट्ट करताना वॉशर जागेवर आहे ना, तेवढं बघा. तेल अगदी नवं, पारदर्शक निघालं तर ती चांगली खूण असेलच असं नाही, कदाचित दुधाळ तेल कालच ओतून टाकलं असेल. अशा वेळी पाण्यात चालवून आल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची.

मग इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून, पंखा हाताने हळूहळू फिरवा. पंख्याच्या शाफ्टच्या टोकाच्या नटाकडे बघत राहा. टोक एका जागी स्थिर फिरायला हवं. ते डुगडुगलं तर शाफ्ट वाकलेला आहे. पंख्याच्या पात्यांच्या कडांवर किरकोळ खाचा असणं साहजिक आहे, त्या कानशीने साफ होतात. पण पातं वळलेलं असेल किंवा पंख्याखालचं उभं पातं तुटून परत जोडलेलं असेल, तर इंजिन जोरात कशाला तरी आपटलंय. तो हादरा गिअरपर्यंत पोचला असणार.

गंज अडवणारा बळीचा धातू, म्हणजे अॅनोड, शोधून काढा. तो अर्धाअधिक झिजलेला असेल तर छान, तो आपलं काम करत होता. पूर्ण संपलेला असेल तर त्यानंतर इंजिनाचंच अॅल्युमिनियम खाल्लं जाऊ लागलंय, आसपास खड्डे आणि पांढरी पूड शोधा. त्यावर रंग मारलेला असेल तर तो कामाचाच नाही. रंगाने झाकलेला अॅनोड ज्या मालकाला चालला, त्याने बाकी काय काय दुर्लक्षिलं असेल याचा विचार करा.

क्लॅम्पचे स्क्रू हाताने फिरतात का, इंजिन डावी-उजवीकडे सहज वळतं का, वर उचलून अडकतं का, हेही बघून घ्या. खाऱ्या पाण्यातली इंजिनं इथेच जाम होतात आणि हा सांधा सोडवणं फार चिवट काम असतं.

प्लग आणि कॉम्प्रेशन

प्लग काढून सिलेंडरच्या क्रमाने ओळीत मांडा. विटकरी-तपकिरी रंग चांगला. काळा तेलकट असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरटपणा आला असेल तर सिलेंडर जास्त तापतोय. एखादाच प्लग बाकीच्यांपेक्षा फार स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा निघाला तर सावध व्हा. बहुधा हेड गॅस्केटमधून त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय.

कॉम्प्रेशन गेज सोबत न्या, नाहीतर ते ज्याच्याकडे आहे असा मेकॅनिक न्या. सगळे प्लग काढलेले, ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढायची. आकडा किती आला यापेक्षा सिलेंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत असावा. एका सिलेंडरला १२० आणि दुसऱ्याला ८५ असेल तर इंजिन नको. एकच सिलेंडर असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. एक लक्षात ठेवा: बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून सुरुवातीला दाब सोडून देणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा कमी दिसतो. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका.

फोर-स्ट्रोकची तेलकाडीही काढून बघा. तेल दुधाळ असेल तर पाणी. खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल झिरपून तेलात मिसळतंय.

आता सुरू करा

पाण्याशिवाय सुरू करू देऊ नका, काही सेकंदांसाठीसुद्धा नाही. पंपातला रबरी पंखा, इम्पेलर, कोरडा फिरला की लगेच करपतो. पिंपात उभं करा किंवा पाण्याच्या जाळ्यांवर नळीचे कप लावा.

गार इंजिन चोक लावून चार-पाच ओढींत सुरू झालं तर ते उत्तम. टू-स्ट्रोक सुरुवातीला निळसर धूर काढणारच. काही क्षणांत मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडायला लागली पाहिजे. धार तुटक असेल तर आधी भोकात बारीक तार घालून बघा, पुष्कळदा माती किंवा मीठ अडकलेलं असतं.

पण धार पडली म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. काही इंजिनांत हे पाणी सिलेंडरभोवती फिरायच्या आधीच बाहेर काढलेलं असतं. धारेवरून पंप चालतोय एवढंच कळतं. आतले मार्ग मिठाने बुजलेत का किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, अडकलाय का, ते कळत नाही. थर्मोस्टॅट बहुतेक ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतो. म्हणून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि सिलेंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्र करून उडाला तर इंजिन तापतंय.

चालू असतानाच किल स्विचची दोरी ओढा. इंजिन त्याच क्षणी बंद व्हायला हवं. गिअरमध्ये टाकून सुरू करायचा प्रयत्न करा, ते सुरू व्हायला नको. या दोन गोष्टी माणसाचा जीव वाचवतात, त्यामुळे "नंतर दुरुस्त करू" इथे चालत नाही.

पाण्यातली फेरी

पिंपातल्या इंजिनावर भार नसतो. खरी परीक्षा होडीला लावून, माणसं बसवूनच होते. लाइफ जॅकेट घाला, वल्ही आणि नांगर सोबत ठेवा. जुन्या इंजिनाची पहिली फेरी आहे, परत वल्हवत यावं लागू शकतं.

दहा मिनिटं संथ चालवा. मग हळूहळू पूर्ण थ्रॉटल द्या आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर मिळतं, ते लावा. पुष्कळ छोट्या इंजिनांची पूर्ण थ्रॉटलची हद्द मिनिटाला ५००० ते ६००० फेऱ्यांची असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. फेऱ्या कमी पडल्या तर पंखा जास्त पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत जेवढं पुढे सरकेल ते अंतर) असेल किंवा इंजिन थकलेलं असेल. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात, त्यामुळे कमतरता थोडी असेल तर ती पंख्यात आहे. हजारभर फेऱ्या कमी असतील तर ती इंजिनात आहे.

इंजिन एकदम ओरडून होडी मंदावली तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय, ते स्वस्तात सुटणारं काम आहे. गिअर आपोआप निसटून खटकन आवाज येत असेल तर तो आतला क्लच झिजलाय आणि ते काम स्वस्त नाही. इंजिन जोर धरताना मिसिंग करत असेल आणि पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर सुधारत असेल, तर इंधनपंपात किंवा नळीत दोष आहे. पडून राहिलेल्या इंजिनांचे कार्ब्युरेटर जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजतात. ते साफ होतात, म्हणून एवढ्या कारणाने चांगलं इंजिन सोडू नका, किंमत मात्र कमी करून मागा.

परत आल्यावर गिअर ऑइलचा स्क्रू पुन्हा सैल करून रंग बघा. फेरीतून आलेलं तेल मघाच्यासारखंच स्वच्छ असेल तर बोलणी सुरू करायला हरकत नाही.

घरी आणताना आणि पहिल्या आठवड्यात

आडवं करण्याआधी इंजिन थोडा वेळ उभं ठेवून पाणी निथळू द्या. वाहून नेताना वरचं टोक खालच्या पायापेक्षा उंच ठेवा, नाहीतर पायातलं पाणी सिलेंडरमध्ये जातं. फोर-स्ट्रोक कोणत्या कुशीवर ठेवायचं याची खूण कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये असते. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलेंडरमध्ये उतरतं.

विकणाऱ्याने काहीही सांगितलं असलं तरी इम्पेलर, गिअर ऑइल, त्याच्या स्क्रूंचे वॉशर, प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर नवे घाला. जुना इम्पेलर काढल्यावर त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या मार्गात अडकलेला असतो, तो सापडेपर्यंत इंजिन पाण्यात उतरवू नका. पंखा काढून शाफ्टभोवती दोरा गुंडाळलेला नाही ना ते बघा, शाफ्टला ग्रीस लावा आणि मगच परत बसवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने आतून धुवा.

वहीत तारीख आणि चाललेले तास लिहायला सुरुवात करा. दहा तास झाले की गिअर ऑइलचा स्क्रू पुन्हा एकदा पांढऱ्या कागदावर सैल करा.